उंच दिसण्यासाठी तुम्ही काय काय करता? (अनुभव)

कपाट आवरताना शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो सापडला. मी पहिल्या रांगेत, नेहमीसारखी. पांढरा टॉप, काळा स्कर्ट, मधे रुंद पट्टा. त्या पट्ट्याने माझे दोन तुकडे केले होते हे कळायला दहा वर्षं गेली. आता वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचं घालते, नजर मधे अडकत नाही. परवा एकीने विचारलं, "टाचा घातल्यास का?" पायात सपाट चपला होत्या! इतकं बरं वाटलं. तुमचंही लिहा ना.

——

बूट!! पँटच्याच रंगाचे. घोट्याला पट्टा असलेले सँडल बंद केले, पाय तिथेच कापल्यासारखे दिसतात. बाळ उठलं, नंतर येते.

——

आडव्या रेघा नकोत असं आईने बजावलेलं. पण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्येच लिहिलंय की आडव्या रेघांनी भरलेला चौरस उलट उंच आणि अरुंद दिसतो. २०११ मध्ये थॉम्पसन आणि मिकेलिडू या संशोधकांनी बायकांच्या चित्रांवर तपासलं, आडव्या रेघांनी बाई जाड दिसत नव्हती. मी लगेच टी-शर्ट घेतला.

——

^ बारीक आणि जवळजवळ रेघा असतील तर हो. छातीवर एकच जाड पट्टा आला की माणूस दुभागतो. अनुभव आहे.

——

कमरेपर्यंतचे केस खांद्यावर आणले. रडले होते कापताना. पण मान दिसायला लागली आणि सगळे म्हणाले उंच झालीस. माथ्यावर फुगवते, पण दुपारपर्यंत बसतात. काय करू?

——

भांग रोजच्या उलट बाजूला पाड. आणि डोकं खाली करून वाळव, मुळं उभी राहतात.

——

माझं उलटं. पाच फूट दहा इंच. लहानपणापासून वाकून चालले, आता पाठ धरते.

——

अगं, ताठ चाल गं. डॉक्टरांना दाखवलंस का?

——

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? शिंप्याकडून पँट एक इंच आखूड केली, बुटावर चुण्या पडायच्या त्या गेल्या. बाहेर सोडायचा शर्टही छोटा करून घेतला. लांब शर्टाखाली पाय उरतच नाहीत.

——

+१. आणि फोटो काढणाऱ्याला मोबाईल कमरेच्या उंचीवर धरायला सांगा.

——

मी धागाकर्ती. तो पट्टा अजून आहे माझ्याकडे, टाकवत नाही. काळ्यावर काळा चालेल?

——

चालेल. थोडा वर बांध.

——

आले परत, बाळ झोपलं. मान वाली, केस किती कापलेस? मीही विचार करतेय.