पहिलं घर सोडतोय, दोन मुलं आणि सासूबाई बरोबर... शिफ्टिंग कसं करावं?

खिडकीपाशी:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात घर बदलतोय. लग्नानंतरचं पहिलं घर, दोन्ही मुलं इथेच झाली, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा साडेतीनचा, शिवाय सासूबाई आमच्याबरोबर असतात, पंच्याहत्तरी ओलांडलीये, गुडघे दुखतात आणि रात्री दोनतीनदा उठावं लागतं. सामानाचं होईल कसंतरी हो, पण माणसांचं कसं करायचं तेच सुचत नाहीये. मुलगी म्हणते तुम्ही जा, मी इथेच राहते. धाकट्याला आम्ही काय करतोय ते कळत नाही, फक्त मी खोक्यात भरलं की तो बाहेर काढतो. नवरा म्हणतो त्या दिवशी मुलांना आणि आईंना बहिणीकडे पाठवू आणि सगळं लावून झालं की मग आणू. मला ते पटत नाहीये पण का ते त्याला सांगता येत नाही. आणि सामान इथेच कमी करून न्यावं की तिकडे जाऊन बघावं? माळ्याकडे नुसतं बघितलं तरी दमायला होतं.

दोनखोकी:
सामान इथेच कमी करा, यात दुसरा विचारच नको. नको असलेली वस्तू भरायची, उतरवायची, परत उघडायची आणि मग टाकायची, म्हणजे चार वेळा हात लावायचा. आणि "तिकडे जाऊन बघू" वाली खोकी वर्षानुवर्षं तशीच पडून असतात, आमच्याकडे अजून आहेत.

सुरुवात माळ्यापासून करा, मग या सीझनमध्ये न लागणारे कपडे, मग पुस्तकं. पुस्तकं कायम लहान खोक्यात भरायची, मोठ्यात भरली की तळ फाटतो नाहीतर उचलणाऱ्याची कंबर जाते, साधारण पंधरा किलोच्या वर एकही खोकं जाऊ देऊ नका. ताटल्या आडव्या रचू नका, उभ्या लावा, मधे कागद. खोक्यावर नाव वरच्या बाजूला लिहू नका कारण एकावर एक रचल्यावर ते दिसतच नाही, बाजूला लिहा, आणि "किचन" एवढंच न लिहिता आत काय आहे तेही लिहा.

फ्रीज आदल्या दिवशी रिकामा करून बंद ठेवा म्हणजे बर्फ वितळून पाणी निघून जाईल. न्यायचा तो उभाच. अगदीच आडवा करावा लागला तर तिकडे गेल्यावर लगेच चालू करायचा नाही, कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपमध्ये गेलेलं असतं ते परत खाली यायला वेळ द्यायचा, निवांत एक दिवस ठेवला तरी चालेल. फ्रंट लोड मशीन असेल तर ड्रम लॉक करायचे लांब बोल्ट येतात मशीनबरोबर, ते आजच शोधायला घ्या कारण ते कोणालाच सापडत नाहीत. टीव्ही पण उभाच, आडवा ठेवून त्यावर काही ठेवू देऊ नका. टीव्ही आणि राउटरच्या मागच्या वायरींचा फोटो काढून मगच सोडा. गॅस सिलेंडर, थिनर, पेट्रोल असलं काही ट्रकात टाकायचं नाही, आधीच विचारून घ्या.

अर्धीझोप:
सामानाचं वरती छान सांगितलंय, मी फक्त सासूबाईंबद्दल लिहिते कारण घर बदलताना सगळं लक्ष मुलांकडे जातं आणि म्हातारी माणसं "माझं काय, मी कुठेही राहीन" म्हणून गप्प बसतात.

रात्री उठणारं माणूस झोपेत असतं, पाय सवयीने जातात. जुन्या घरात पलंगावरून उतरून डावीकडे बाथरूम असेल आणि नवीन घरात उजवीकडे, तर पहिले काही आठवडे त्या डावीकडेच जाणार, आणि तिकडे भिंत असेल किंवा जिना. म्हणून त्यांचा पलंग शक्य असेल तर असा लावा की उतरल्यावर त्याच बाजूला वळावं लागेल. जमलं नाही तर पहिल्याच रात्री वाटेवर सेन्सरचे छोटे दिवे लावा, आणि त्या वाटेत एकही खोकं, पायपुसणं, वायर नको. बाथरूममधला धरायचा दांडा त्या यायच्या आधी बसवून घ्या, नंतर बसवू म्हटलं की राहतो. औषधं, चष्मा, काठी, रिपोर्टची फाइल ट्रकात नाही, तुमच्या हातातल्या बॅगेत.

आणि त्यांचं कपाट त्यांना विचारल्याशिवाय आवरू नका. आपल्याला कचरा दिसतो हो, पण निवड त्यांची त्यांना करू द्या, रोज थोडं थोडं, बसून. वेळ जातो, जाऊ दे. त्यांना आत्तापासून एकदोनदा नवीन घरी नेऊन आणा, अगदी रिकाम्या घरात खुर्ची टाकून बसवलं तरी चालेल.

तिसरामजला:
नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे ताई. साडेतीन वर्षांचं मूल आणि दारातून जाणारं कपाट, दोन्ही एका वेळी घरात नको. ट्रक भरताना मुलं बाहेर हवीत. पण "सगळं लावून झालं की आणू" हे चूक. सकाळी आपलं घर सोडून आत्याकडे गेलं आणि दोन दिवसांनी आणलं ते थेट दुसऱ्याच घरी, म्हणजे आपलं घर गेलं कुठे? लहान पोराला हे भयंकर वाटतं. सामान निघालं की मुलांना घेऊन या, रिकाम्या खोल्या बघू दे, खोलीखोलीतून फिरू दे, मग सगळे मिळून तिकडे जा.

तिकडे सगळ्यात आधी मुलांची आणि आजींची खोली लावायची. हॉल, किचन पडून राहू दे. त्यांची खोकी ट्रकात शेवटी चढवा म्हणजे पहिली उतरतील. धाकट्याची चादर, उशी जुनीच, आणि धुवू नका आत्ता, वास ओळखीचा राहू दे. नवीन घर आहे म्हणून हौसेने सगळं नवीन घेतात लोक, निदान त्याच्या खोलीत तरी ती हौस थांबवा. झोपायची वेळ, गोष्ट, दिवा, सगळं आहे तसंच. काही दिवस परत अंथरूण ओलं करेल, चिकटून बसेल, रागावू नका, बहुतेक वेळा आपोआप जातं.

खेळणी मात्र चोरून टाकू नका!! लगेच कळतं त्यांना.

उगाचच:
आम्ही लहानपणी सारखी घरं बदलली, कोणी आम्हाला विचारलं नाही, काही झालं नाही. इतका विचार करू नका, दोरी बांधा आणि निघा.

अर्धीझोप:
@उगाचच तुम्हाला काही झालं नाही, पण पंच्याहत्तरीतलं माणूस पडलं तर खुब्याचं हाड मोडू शकतं.

खिडकीपाशी:
बापरे, धन्यवाद सगळ्यांना. ती "घर गेलं कुठे" ची ओळ नवऱ्याला वाचून दाखवली, गप्प झाला. सासूबाईंचा पलंग कुठे येईल ते उद्याच जाऊन बघते, हे डोक्यातच आलं नव्हतं. मुलीचं पण सांगा ना कोणीतरी. तिला खोलीचा रंग निवडायला सांगितलं तर म्हणाली मला कुठलाच नको.

तिसरामजला:
तिला रंग नकोच आहे, तिला मैत्रिणी हव्यात. "तिकडे नवीन मिळतील" हे वाक्य अजिबात बोलू नका, ते खरं असलं तरी आत्ता तिला ते ऐकायचं नसतं. त्यापेक्षा पक्कं काहीतरी द्या, अमुक रविवारी भेटायचं, त्या आपल्याकडे राहायला येणार, तारीख ठरवून, आणि ती पाळा. आणि रडली तर रडू दे, लगेच नवीन घराचे फायदे सांगत बसू नका. शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा वर्गापर्यंत चालत जाऊन या, बाथरूम कुठे, डबा कुठे खातात, बस कुठे थांबते, या वयात भीती असल्याच गोष्टींची असते. शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच मागून ठेवा, शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

दोनखोकी:
एक राहिलंच. निघायच्या दिवशी दोन्ही घरांच्या मीटरच्या रीडिंगचे फोटो काढा, जुन्या घराच्या रिकाम्या भिंतींचे पण. आणि कात्री, टेप, पाने, स्क्रू ड्रायव्हर वेगळ्या पिशवीत ठेवा, पलंग जोडायचे स्क्रू त्या त्या पलंगालाच पिशवीत बांधून टेपने चिकटवा, नाहीतर पहिल्या रात्री सगळे जमिनीवर झोपाल आणि सासूबाईंना उठवायला दोघं लागतील.