मदत हवी आहे: मारुती 800, थर्मोस्टॅटच्या झाकणाचा बोल्ट गोल झालाय (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

वडिलांची 2006 ची मारुती 800 आहे. होटगी रोडवरून सात रस्त्याला येईपर्यंत टेंपरेचरचा काटा वर चढायचा. रेडिएटर साफ झाला, पंखाही वेळेवर लागतो, म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलायला घेतला. झाकणाचा एक बोल्ट सुटला. दुसऱ्याचे कोपरे आधीच कुणीतरी ढिल्या पान्यानं खाल्ले होते. आता रिंग पाना त्यावर नुसता फिरतो.

सुटलेल्या बोल्टच्या आट्यांत पांढरी पूड भरली होती. बरीच वर्षं या गाडीत बोअरचं पाणी पडत आलंय. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बादलीवर कसा थर धरतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचं घर (थर्मोस्टॅट ज्यात बसतो तो भाग) आणि मध्ये क्षाराचं पाणी, मग तो धरून बसणारच.

रस्ट रिमूव्हर मारून रात्रभर ठेवलं, हातोडीनं ठोके दिले. ग्रिप प्लायरला पाइपामुळे नीट पकड मिळत नाही. याहून जास्त जोर लावायला मन धजत नाही, कारण बोल्ट आत तुटला तर घराचे आटे जातील.

गॅसच्या टॉर्चनं तापवू का? पेट्रोलचा पाइप जवळच आहे. एक मेकॅनिक म्हणतो ईझी आउट (बोल्टमध्ये भोक पाडून त्यात उलटा फिरवत घुसवायचं, उलट्या आट्यांचं हत्यार) मारू, दुसरा म्हणतो वर नट वेल्ड करू. कुणाचं ऐकू? पाणी काढलंय, त्यामुळे गाडी जागची हलणार नाही. वडिलांना याच गाडीतून तपासणीला न्यावं लागतं, म्हणून जरा घाई आहे.

प्रतिसाद १

मालक, ईझी आउटला लगेच हात लावू नका. त्याचं पोलाद कडक पण ठिसूळ असतं. जाम बोल्टमध्ये ते तुटलं की साध्या ड्रिलनं भोकही पडत नाही.

तुमचा बोल्ट झाकणातून आरपार जातो ना? मग फक्त डोकं उडवा. मधोमध सेंटर पंच मारा, बारीक बिटनं सुरुवात करा आणि शेवटी बोल्टच्या जाडीपेक्षा किंचित मोठं बिट घ्या. डोकं निखळलं की ताण संपतो. झाकण लाकडी हातोडीनं हलवत वर काढा. झाकणाच्या जाडीएवढा दांडा बाहेर उरेल, त्याला प्लायरची पकड मिळते. झाकण निघताच थर्मोस्टॅटच्या भोकात चिंधी कोंबा, कीस इंजिनात जाता कामा नये.

दांडा तरीही हलला नाही तर त्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनं चिकटलेले आटे सुटतात आणि पान्याला नवं डोकंही मिळतं. बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी काढा, पेट्रोलचा पाइप सोडवून तोंड बंद करून लांब ठेवा. उघडी ज्योत तिथे नकोच. तापवायचंच असेल तर हॉट एअर गन घ्या, तीही पाइप बाजूला केल्यावरच, आणि बोल्ट नाही, घर तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून पकड सैल होते. एकदम उलटा ओढू नका. थोडा सोडा, थोडा आवळा, मध्ये तेल टाका.

प्रतिसाद २

आटे गेलेच तर घर फेकून देऊ नका. हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून मूळ मापाचाच बोल्ट लागतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला लेथवाल्यांकडे विचारा, पण घर सोडवून हातात घेऊन जा. गाडीवर उभ्या उभ्या ड्रिल तिरकं जातं. नवीन बोल्टला थोडं अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा आणि आता पाणी डिस्टिल्डच, कूलंट मिसळून.

धागाकर्ता

डोकं उडवायचं कुणीच सुचवलं नव्हतं, मनापासून आभार. बोल्टच्या डोक्याखाली झाकणाची साधारण बोटाच्या पेराएवढी जाडी दिसतेय, म्हणजे पकडायला दांडा पुरेल. वेल्डिंगची वेळ आली तर होटगी रोडला घरी येऊन करून देणारा कुणी माहीत आहे का?