कडाक्याच्या थंडीने झाडांवरील परक्या किडींचा प्रसार खरोखर थांबतो का?

वनवाचक (प्रश्न):
उत्तर अमेरिकेतील अ‍ॅश वृक्षांचा फडशा पाडणारा एमराल्ड अ‍ॅश बोरर हा आशियाई भुंगेरा 2002 मध्ये मिशिगनमधील डेट्रॉइट परिसरात प्रथम ओळखला गेला. पारा उणे 30 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला की 'आता ही कीड मरेल' अशा बातम्या येतात. तसे असेल, तर 2009 मध्ये मिनेसोटात सापडलेली ही कीड तेथील हिवाळे सोसून टिकली कशी?

सालपापुद्रा:
बातमीला आधार आहे, परंतु त्यात दिलेले तापमान हवेचे असते, अळीचे नव्हे. पूर्ण वाढलेली अळी शरद ऋतूत खाणे थांबवते, सालीत किंवा सालीलगतच्या लाकडात लहानशी पोकळी कोरते आणि तीत दुमडून पडून राहते. या काळात तिच्या शरीरात ग्लिसरॉल साठते आणि त्यामुळे शून्याच्या बऱ्याच खालीही तिच्या शरीरातील द्रव गोठत नाही. मात्र एकदा का आत बर्फाचे स्फटिक धरले, की ती वाचत नाही. प्रयोगांत उणे 23 अंशांना सुमारे एकतृतीयांश, उणे 29 अंशांना बहुसंख्य आणि उणे 34 अंशांना जवळजवळ सर्व अळ्या मेल्याचे आढळले आहे. हे आकडे अळीच्या स्वतःच्या तापमानाचे आहेत, ही यातली खरी मेख. सालीखाली हवेपेक्षा काही अंश अधिक ऊब असते, जाड खोड सावकाश थंड होते आणि बुंध्याशी बर्फ साचला असेल, तर त्याखालच्या अळ्यांना आयतेच पांघरूण मिळते. एका रात्रीच्या नीचांकावरून निष्कर्ष काढणे म्हणूनच उतावीळपणाचे ठरते.

सूचिपर्णी:
बोररपुरते हे मान्य आहे, पण तीच मोजपट्टी सर्व किडींना लावू नये. माव्याच्या जवळच्या कुळातील हेमलॉक वुली अ‍ॅडेल्जिड ही जपानमधून आलेली कीड पूर्व अमेरिकेत 1951 मध्ये व्हर्जिनियात नोंदली गेली. ती हेमलॉक या सूचिपर्णी झाडाच्या सुईसारख्या पानांच्या बुडाशी, पांढऱ्या लोकरीसारख्या आवरणात उघड्यावरच बसते. शिवाय ती उन्हाळ्यात सुप्त राहते आणि हिवाळ्यात झाडाचा रस शोषते, त्यामुळे थंडीचा तडाखा तिला थेट बसतो. उत्तरेकडील भागात एखाद्या कडक हिवाळ्यात तिच्यातील फार मोठा हिस्सा मरतो. पण पूर्व अमेरिकेतील या किडीत नर नाहीत. माद्याच नराविना अंडी घालतात, तेही वर्षात दोन पिढ्या. मूठभर वाचल्या तरी भरपाईला वेळ लागत नाही. त्याहून चिंतेची बाब अशी की, उत्तरेकडील समूह दक्षिणेकडील समूहांपेक्षा अधिक थंडी सोसतात असे आढळले आहे. म्हणजे हिवाळाच काटक वाणाची निवड करत असावा.

ऋतुमान:
थंडी किती, यापेक्षा ती केव्हा पडली, याकडे दुर्लक्ष होते. माउंटन पाइन बीटल हा भुंगेरा परका नाही, पश्चिम अमेरिकेतलाच आहे. पण 2006 मध्ये तो रॉकी पर्वत ओलांडून मोठ्या संख्येने कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात शिरला. ऐन हिवाळ्यात त्याच्या अळ्या मारायला उणे 40 अंशांच्या आसपासची थंडी काही दिवस टिकावी लागते. तीच लाट शरद ऋतूच्या अखेरीस, ग्लिसरॉल पुरेसे साठण्यापूर्वी आली, तर बऱ्याच सौम्य तापमानालाही अळ्या मोठ्या प्रमाणात मरतात. वसंताच्या तोंडावरही तसेच, कारण तोवर ते संरक्षण ओसरू लागलेले असते.

वनवाचक:
सर्वांचे आभार. हिवाळ्यात किती अळ्या मेल्या, हे प्रत्यक्ष कसे तपासतात?

सालपापुद्रा:
बोररच्या बाबतीत साल सोलून. जिवंत अळी मलईच्या रंगाची आणि टणक असते. मेलेली तपकिरी पडते आणि लिबलिबीत होते. गोठलेली अळी ऊब मिळेपर्यंत ताजीच दिसते, त्यामुळे लाट ओसरल्याबरोबर मोजणी केल्यास मृतांचा आकडा कमी भरतो. म्हणून लाकडाचे तुकडे आधी काही काळ उबदार जागी ठेवतात आणि मगच मोजतात.