मदत हवी आहे: सायलेंट शटरमुळे फोटोंवर आडवे पट्टे

नाटकाच्या प्रयोगाचे फोटो काढताना मिररलेस कॅमेऱ्यावर सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) लावावंच लागतं. शांत प्रसंगात खटखट झाली की पुढच्या रांगेतले वळून बघतात (आणि बरोबरच आहे त्यांचं). पण रंगमंचावर एलईडी दिवे असले की फोटोंवर आडवे काळपट पट्टे उमटतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/१०० सेकंदावर ठेवून पाहिलं. साध्या दिव्यांखाली पट्टे गेले, रंगीत एलईडीखाली तसेच. १/५० वर नटाने हात हलवला की फोटो गेलाच. मेनूत अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकण्याचा परिणाम कमी करणारी सोय) आहे, पण सायलेंट चालू असताना तो निवडताच येत नाही. मेकॅनिकल शटरशिवाय काही मार्ग आहे का? आणि जुन्या रॉ फाइलींमधले (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या), विशेषतः चेहऱ्यांवरचे पट्टे कोणी नीट काढलेत का? लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) मास्क लावून, म्हणजे फक्त पट्ट्याचा भाग निवडून, उजेड सारखा होतो, रंग मात्र जुळत नाही.