रब अल खालीला जायचंय, कोल्हापुरातून कुणी गेलंय का?

भटक्या_गंगावेश

नमस्कार मंडळी. वय ३१, सह्याद्रीत बऱ्यापैकी हिंडलोय. पन्हाळा-पावनखिंड पाच वेळा झाली, तीही भर पावसात. गेले वर्षभर डोक्यात बसलंय ते अरबस्तानातलं रब अल खाली. साडेसहा लाख चौरस किलोमीटरचं वाळवंट, म्हणजे आपला महाराष्ट्र दोनदा मावून वर जागा उरेल. सौदी, ओमान, अमिराती आणि येमेन अशा चार देशांत पसरलंय. उंटावर बसून फोटो काढायची सफर मला नको. गाडी भाड्यानं घ्यायची, एकट्यानं आत शिरायचं, दोन-तीन मुक्काम ठोकायचे. सुट्टी मे महिन्यात मिळते. कुठल्या बाजूनं जावं, काय न्यावं, कुणी सांगेल का? घरी आईला फक्त 'दुबईला चाललोय' एवढंच सांगितलंय.

रंकाळा_कट्टा

मे महिन्यात? भावा, आमच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत येऊन रहा की. विसा नको, तिकीट नको, दुपारी ताक पण देतो.

फौंड्रीवाला_दाजी

थट्टा बाजूला ठेव. पोरा, तुझ्या बेतातल्या दोनच गोष्टी खोडतो, 'मे महिना' आणि 'एकट्यानं'. बाकी बेत झकास हाय. जरा इस्कटून सांगतो.

मी शिरोलीच्या फौंड्रीत अठ्ठावीस वर्षं मोल्डिंगला, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करायला काढली. सगळी हयात वाळूत गेली. मेहुणा ओमानमधल्या सलालाला नोकरीला आहे, तो दरवर्षी म्हणायचा, "दाजी, एकदा खरी वाळू बघायला या." शेवटी एका जानेवारीत गेलो. मुंबई, मस्कत आणि तिथून सलाला.

सलालात उतरल्यावर आधी फसगतच झाली. नारळ, केळी, पपई, रस्त्याकडेला शहाळ्याची दुकानं. कोकणात उतरलो का काय! पाऊसही आपलाच, नैर्ऋत्येचा, जून ते सप्टेंबर. ते त्याला 'खरीफ' म्हणतात, आपला खरीप हंगाम तो हाच शब्द. पण तो पाऊस डोंगराच्या समुद्राकडच्या अंगालाच. आपल्याकडं गगनबावड्याच्या पावसातून जतच्या माळावर पोचायला अर्धा दिवस मोडतो. तिथं घाट चढून पलीकडं उतरलं की चहा थंड व्हायच्या आत झाडं संपतात.

पुढं थुमरैत, सलालापासून ८० किलोमीटर. इथं डिझेल, पाणी, पाव सगळं भरून घ्यायचं. मग शिसर. १९९२ साली इथं लोबानाच्या व्यापारातलं हरवलेलं शहर सापडलं म्हणून जगभर गाजावाजा झाला होता, २००० पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मला दिसलं ते असं की खालची जमीन पोकळ होती, ती खचली आणि किल्ल्याचा एक भाग खड्ड्यात गेला. पाण्याच्या वर बांधकाम केलं की काय होतं हे आपल्याला पंचगंगेनं शिकवलंय, म्हणून मी तिथं जास्त वेळ थांबलो. मेहुणा कंटाळला.

शिसरच्या पुढं खडीचा सपाट माळ लागतो. तो संपता संपेना. आणि मग एकदम वाळू उभी राहते. काही टेकड्या अडीचशे मीटरपर्यंत जातात म्हणतात. आम्ही गेलो त्या एवढ्या नव्हत्या, तरी मान वर करावी लागत होती.

मी काय केलं सांगू? खाली उतरलो आणि मूठ भरून दाबली. आमच्यात वाळू अशीच तपासतात. बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी चिकट माती) आणि पाणी बरोबर असलं की मुठीचा लाडू होतो, बोटांचे ठसे उठतात, आणि तो मधून मोडला तर कडा स्वच्छ तुटते. इथं मूठ दाबली की वाळू बोटांच्या फटीतून पाण्यासारखी निघून गेली. खिशातलं भिंग काढून बघितलं (हो, प्रवासातही जवळ असतं, बायको हसते). कण गोल. नदीच्या वाळूचे कोपरे असतात, हिचे हजारो वर्षं वाऱ्यावर आपटून झिजलेत. वर लोखंडाच्या गंजाचा पातळ लेप, म्हणून रंग तांबूस. गोल कण एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळं बांधकामाला ही वाळू निकामी. आखाती देश वाळू बाहेरून आणतात म्हटल्यावर लोक हसतात, पण कारण हेच.

आणखी एक. टेकडीची वाऱ्याआडची बाजू बघितली आणि मला आमचं यार्ड आठवलं. डंपरनं कोरडी वाळू ओतली की ढिगाचा उतार साधारण ३२ ते ३४ अंशांवर थांबतो. जास्त ओता, घसरून तेवढ्यावरच येतो. तिथंही तोच उतार. आमचा ढीग कमरेएवढा आणि तो देवळाच्या शिखराएवढा, फरक एवढाच. त्या बाजूनं चढायला जाऊ नकोस. दोन पावलं वर, दीड खाली. चढायचं ते वारा येतो त्या अंगानं.

आता 'एकट्यानं' का नको ते. आमच्या दोन गाड्या होत्या. मेहुण्यानं टायरची हवा पस्तिसावरून पंचवीसवर आणली आणि बास म्हणाला. मागच्या गाडीतला बदू (तिथला वाळवंटात वाढलेला अरब) पंधरा-सोळा सांगत होता, याला वाटलं रिम सुटेल. सकाळी चाललं, कारण रात्रीच्या दवानं वाळूचा वरचा थर जरा धरलेला होता. दुपारी तीच वाळू सुटी झाली. चढावर गाडी मंदावली, यानं सवयीनं ब्रेक मारला, मग जोरात रेस दिली. चाकं फिरली तशी गाडी खाली बसली, पोट टेकेपर्यंत. फावड्यानं उकरलं की बाजूची वाळू आत. दोन तास! शेवटी चाकापुढं लांब चर काढला, पायपुसणी अंथरली, हवा सोळावर आणली आणि मागच्या गाडीनं पट्ट्यानं ओढलं. तिथं फोनला रेंज नव्हती. दुसरी गाडी नसती तर आज हे टाइप करायला मी नसतो. तेही जानेवारीत. मेमध्ये पारा ४५ च्या पुढं जातो, तिथं दोन तास फावडं मारून दाखव.

आणि अजून आत, सौदी सरहद्दीला लागून उम्म अस समीम आहे. मिठाचा पापुद्रा, खाली चिखल. २०१९ च्या पुरानंतर नदीकाठचा गाळ बघितला असशील, वरून भेगा पडलेला आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. तसंच, पण तालुक्याएवढं. तिकडं फिरकायचं नाही.

रात्री थंडी कडाक्याची, स्वेटर ने. शांततेचं लोक फार कौतुक करतात. माझं उलट झालं. फौंड्रीमुळं माझ्या कानात कायम एक बारीक शिट्टी असते, घरी पंख्याच्या आवाजात ती बुडते. तिथं ती रात्रभर एकटीच वाजत होती. बाहेर येऊन शेकोटीपाशी बसलो तर बदू जागा. त्यानं न विचारता कॉफी दिली.

कोल्हापुरी पायताण घालून मिरवायला गेलो होतो, ती चूक करू नकोस. चामड्याच्या थरांत वाळू शिरून अंगठा सोलला. जेवणाच्या डब्यात कांदा-लसूण चटणी मात्र हवीच, नाहीतर तिसऱ्या दिवशी पाव घशाखाली उतरत नाही.

मस्कतची_सूनबाई

दाजी, मस्त लिहिलंय. मी माहेरची कसबा बावड्याची, आता मस्कतला. भटक्यादादा, पहिल्यांदाच जात असाल तर आधी वाहिबाची वाळू, म्हणजे ओमानमधलंच एक लहान वाळवंट, करा. साधारण साडेबारा हजार चौरस किलोमीटर, मस्कतहून गाडीनं काही तासांवर, आणि अडकलात तरी मदत मिळायची शक्यता जास्त. तिथं वाळूत 'घाफ'ची झाडं आहेत. मला पहिल्यांदा ओळखू आलं नाही, नवऱ्यानं सांगितलं की हीच आपली शमी! दसरा चौकात जिचं पूजन बघायला बाबांच्या खांद्यावर बसून जायचे, ती इथं मुळं खोल सोडून वाळूत हिरवीगार उभी. मी पाया पडले, लोकांनी बघितलं, बघू देत.

आणि सॅटेलाइट फोन कोल्हापुरातून किंवा दुबईतून विकत घेऊन येऊ नका. थुराया, इरिडियम भारतात परवानगीशिवाय बाळगायला बंदी आहे, परतताना विमानतळावर अडकाल. इथल्या वाटाड्याकडं असतो का ते ठरवतानाच विचारा. पाणी माणशी रोज पाच लिटर तरी, वर गाडीसाठी वेगळं.

भटक्या_गंगावेश

दाजी, ताई, डोळे उघडले. मे रद्द. डिसेंबरच्या शेवटी जमेल, मित्राला घेतो. त्याला चारचाकी चालवायची दहा वर्षांची सवय आहे.

फौंड्रीवाला_दाजी

डांबरावर ना? मग चालवायला बदूच ठेव, मित्राला फावडं दे. आणि आईला दुबई नको सांगू, खरं सांग. माझ्या सासूबाईंना तिसऱ्या दिवशी कळलं होतं, मेहुण्याशी त्या अजून धड बोलत नाहीत.