चर्चा: मेलबॉक्सचा ॲक्सेस देणं-काढणं स्क्रिप्टवर सोपवावं का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

परवा खरेदी विभागातल्या एक सहकारी माझ्या टेबलापाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या आउटलुकमध्ये भरतीचा मेलबॉक्स अजून दिसतोय. मी उघडत नाही, पण दिसतोय." त्यांची बदली होऊन चौदा महिने झालेत. त्या मेलबॉक्समध्ये उमेदवारांचे पगार आहेत, एकाचं वैद्यकीय प्रमाणपत्रसुद्धा आहे. ॲक्सेस मीच दिला होता, तिकीट (आयटीकडे नोंदवलेली विनंती) आलं म्हणून. काढायचं तिकीट आलंच नाही, कारण ते कुणी टाकायचं हे ठरलेलंच नव्हतं.

तेव्हापासून मला चैन नाही. ॲक्सेस हवा असतो तेव्हा दिवसातून तीन फोन येतात. "आता नको, काढून टाका" असा एकही फोन मला आजवर आलेला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: हे काम आपल्या हातात राहूच नये. प्रत्येक शेअर्ड (अनेकांनी मिळून वापरायच्या) मेलबॉक्सला एक सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे ज्यांना परवानगी आहे त्यांचा गट, करावा. ग्रुपमध्ये कोण असणार ते एचआरच्या नोंदीवरून ठरावं आणि रोज रात्री स्क्रिप्टने (आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात. विभाग बदलला की जुना ॲक्सेस गेला, नवा मिळाला. तुम्हाला काय वाटतं?

जुना ॲडमिन

पूर्ण असहमत. दुखणं खरं आहे, औषध चुकीचं आहे.

एक्सचेंजमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल यंत्रणेत, 'ॲक्सेस' नावाची एकच गोष्ट नसते. फुल ॲक्सेस म्हणजे मेलबॉक्स उघडून वाचता येतो, पण त्याच्या नावाने मेल पाठवता येत नाही. त्यासाठी सेंड ॲज (थेट मेलबॉक्सच्या नावाने पाठवणं) वेगळं, सेंड ऑन बिहाफ ('त्यांच्या वतीने' असं दाखवून पाठवणं) वेगळं. तिन्हींच्या कमांड वेगळ्या आणि वागणूकही वेगळी. मी स्वतः हात भाजून घेतलेत. सेंड ऑन बिहाफच्या यादीत एक नाव घालायला स्क्रिप्ट लिहिली. त्या कमांडला 'आहे त्यात हे जोड' असं वेगळं सांगावं लागतं. नुसतं नाव दिलं तर ती आधीची सगळी यादी पुसून तेवढंच नाव ठेवते. मी नुसतं नाव दिलं होतं, आणि तेही सगळ्या विभागांच्या मेलबॉक्सवर फिरणाऱ्या लूपमध्ये. स्क्रिप्ट रात्री हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' म्हणाली. सकाळी लेखा विभागाचं एकही बिल बाहेर जाईना, सगळे मेल परवानगी नाही म्हणून परत. जुनी यादी कुठेच लिहून ठेवलेली नव्हती. पाठवलेल्या मेलांवरून कोण कोण पाठवत होतं ते शोधत दोन दिवस गेले.

हाताने चुकलो असतो तर एका मेलबॉक्सवर चुकलो असतो.

रात्रपाळी

पण दादा, हा दोष स्क्रिप्टचा नाही, आधीची स्थिती जतन न करण्याचा आहे. बदल करण्याआधी तिन्ही परवानग्या फाइलमध्ये उतरवून घ्यायच्या, पहिले काही आठवडे स्क्रिप्टने फक्त 'मी हे बदललं असतं' एवढं सांगायचं. आणि हाताने केलेल्या कामाची अवस्था बघा: कुठल्याही जुन्या मेलबॉक्सच्या परवानग्या काढून पाहा, माणसांच्या नावांऐवजी एस-१-५-२१ ने सुरू होणारे लांबलचक आकडे दिसतील. खाती केव्हाच डिलीट झाली, नोंदी तशाच लटकल्यात.

समोरच्या खुर्चीवरून

मी आयटीतली नाही, वापरणारी आहे. आमच्याकडे थेट नावावरचा ॲक्सेस काढून सगळं ग्रुपवर नेलं. दुसऱ्या दिवशी आउटलुकमधून तक्रारींचा मेलबॉक्स गायब! नंतर कळलं की थेट नावावर फुल ॲक्सेस दिला तर मेलबॉक्स आपोआप येऊन बसतो, ग्रुपमार्फत दिला तर स्वतः जोडावा लागतो. आम्हाला कुणी एका ओळीने सांगितलं नव्हतं. लोकांच्या तक्रारी दिवसभर न वाचता पडून राहिल्या. करा ऑटोमेशन, पण आधी कळवा हो.

हजेरीपट

एचआरच्या बाजूने बोलते. आमची नोंद हाच पाया धरताय, पण ती नोंद पगारासाठी केलेली असते. बदलीचा आदेश एक तारखेचा असतो, माणूस प्रत्यक्षात महिनाभर दोन्हीकडे काम करतो. तुमची स्क्रिप्ट एक तारखेच्या रात्री त्याचा जुना मेलबॉक्स काढून घेईल आणि हस्तांतर अर्धवट राहील. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी तिघीजणी आळीपाळीने बघतात, ते आमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. संचालकांच्या स्वीय सहायकांचं तर बोलूच नका. कॅलेंडरवर कुणाला संपादनाची मुभा, कुणाला फक्त वाचायची, हे पदावरून ठरत नाही, विश्वासावर ठरतं.

कुलूप

मला भीती वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि ती अजून कुणी मांडलेली नाही. ही स्क्रिप्ट कोणत्या अधिकाराने चालणार? कुणालाही कुठलाही मेलबॉक्स उघडून देण्याची ताकद असलेलं एक खातं किंवा ॲप तुम्ही तयार करताय. ते रात्री एकटं चालतं, आणि त्याची किल्ली सर्व्हरवर पडलेली असते.

जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलं की हल्लेखोर त्यांच्या एका जुन्या चाचणी खात्यातून आत आले. एका विसरलेल्या चाचणी ॲपला जादा अधिकार होते, त्याच्या आधाराने त्यांनी सगळे मेलबॉक्स उघडणारी परवानगी मिळवली आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे मेल वाचले. आता स्वतःला विचारा, तुमची स्क्रिप्ट लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावर तिचं ॲप कोण आठवणीत ठेवणार? शिवाय मेलबॉक्सवर गुपचूप परवानगी जोडून ठेवणं ही हल्लेखोरांची नेहमीची पद्धत आहे. रोज रात्री स्क्रिप्ट शेकडो बदल करत असेल तर ऑडिट लॉगच्या (कुणी काय बदललं त्या नोंदवहीच्या) त्या गर्दीत एक खोटा बदल कुणाला दिसेल?

रात्रपाळी

कुलूप, तुमचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. हजेरीपट यांचाही पटला. म्हणून माझी मागणी बदलतो.

स्क्रिप्टला फक्त काढायचा अधिकार असावा. एक्सचेंजमध्ये भूमिका (कोणत्या कमांड चालवता येतील त्या अधिकारांचा संच) स्वतः घडवता येते: वाचायच्या आणि काढायच्या कमांड ठेवायच्या, जोडायच्या गाळायच्या. सेंड ऑन बिहाफ यात येत नाही, तिथे जोडणं-काढणं एकाच कमांडमधून होतं. ते हातानेच राहू दे. मग किल्ली चोरीला गेली तरी चोर लोकांना त्रास देईल, पण कुणाचा मेल वाचू शकणार नाही. काढण्याआधी मेलबॉक्सच्या मालकाला यादी जाईल. त्याने 'राहू द्या' म्हटलं तर नव्वद दिवस मुदत, मग परत विचारणा. गप्प राहिला तर दोन आठवड्यांनी ॲक्सेस जाईल.

जुना ॲडमिन

आता कुठे आपण जवळ आलोय. पण 'मालक' हा शब्द तुम्ही फार सहज वापरलात. आमच्याकडच्या 'चौकशी' मेलबॉक्सचा मालक म्हणून ज्यांचं नाव आहे ते निवृत्त झालेत. तुमची यादी त्यांना जाईल, उत्तर येणार नाही आणि दोन आठवड्यांनी सगळ्या विभागाचा ॲक्सेस जाईल. मालक जागेवर नसेल तिथे स्क्रिप्टने हात लावायचा नाही, मला फोन करायचा, एवढं घाला. मग काढण्याला माझा विरोध नाही. देणं मात्र मी हातानेच करणार. कुणी भरतीचा मेलबॉक्स मागितला तर मला त्याला "कशासाठी?" असं विचारायचं आहे.