आतड्याचा कॅन्सर : मूळपेशींवरच घाव का घालू नये?

कृष्णाकाठ (सांगली)
माझं मत सरळ आहे. सगळ्या गाठीवर केमोचा मारा करण्यापेक्षा तिच्या मूळपेशी (स्टेम सेल, ज्यांतून बाकीच्या पेशी तयार होतात) गाठा. आतड्याचं अस्तर ४-५ दिवसांत बदलतं. बाकीच्या पेशी झडून जातात, अस्तराच्या खळग्यांच्या तळाशी टिकून राहतात त्या मूळपेशी. २००९ मध्ये डच संशोधक हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की गाठींना आवर घालणारा एपीसी जनुक मूळपेशीत निकामी केला तर गाठी फोफावतात; खळग्यातल्या इतर पेशींत केला तर बहुतेक खुरटतात. मूळ सापडलंय, मग थांबायचं कशाला?

हळदपेठ
सहमत नाही. हा प्रयोग करून झालाय! २०१७ मध्ये उंदरांच्या गाठीतल्या एलजीआर५ ही खूण असलेल्या मूळपेशी वेचून मारल्या. गाठ वाढायची थांबली, पण विरघळली नाही. मारणं बंद केलं, तर उरलेल्या पेशींतूनच नव्या मूळपेशी झाल्या आणि गाठ परत वाढायला लागली. ऊस तोडला की खोडवा फुटतोच, तुम्हाला सांगलीत राहून हे सांगायला हवं?

कृष्णाकाठ
अर्धंच सांगताय. त्याच प्रयोगात यकृतात पसरलेल्या गाठी मात्र या पेशींवाचून तग धरू शकल्या नाहीत. आणि माणूस दगावतो तो बहुतेकदा पसरल्यामुळेच.

मिरज_जंक्शन
दोघंही मारण्यावरच अडलात. २०२१ चं काम बघा : बिघडलेल्या मूळपेशी नोटम नावाचं प्रथिन सोडतात, त्याने शेजारच्या निरोगी मूळपेशी मागे पडतात आणि खळगा बिघडलेल्यांच्या ताब्यात जातो. उंदरांना लिथियम दिल्यावर निरोगी पेशी टिकल्या, गाठी कमी झाल्या. (कृपा करून कुणी घरी लिथियम सुरू करू नका. रक्तातली पातळी तपासत द्यायचं औषध आहे ते.)

माहुलीची_सून
उंदीर पुरे झाले हो. आमच्या मामंजींना शौचातून रक्त जायचं. मूळव्याध म्हणून वर्षभर चूर्ण चाललं, दुर्बिणीतून कुणी बघितलंच नाही. पॉलिपचा (आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या कोंबाचा) कॅन्सर व्हायला सहसा १० वर्षं तरी जातात. तेवढ्यात तो कोलोनोस्कोपीत तारेचा फास टाकून अख्खा काढता येतो. मूळपेशी, साध्या पेशी, सगळं एकदम जातं, खूण शोधत बसायला नको. पैसा आधी तिथे घाला.

कृष्णाकाठ
वहिनी, पॉलिपपुरतं मान्य. पण यकृतापर्यंत पोचलेल्या पेशंटला फासाचा काय उपयोग? त्याच्यासाठी हे संशोधन हवंच.

हळदपेठ
हवंच. फक्त "मूळ सापडलं" म्हणू नका. ते जागा बदलतं.